काहीच न घडण्याचे अडीच कोटी

अमेरिकी फुटबॉलमध्ये लेफ्ट टॅकल म्हणजे आक्रमक फळीतल्या पाच जणांपैकी डाव्या टोकाचा माणूस. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, वजन एकशे चाळीस किलोंच्या घरात. चेंडू फेकणे, झेलणे, घेऊन धावणे यांतले काहीही त्याच्याकडून अपेक्षित नसते. त्याला झेल घ्यायची फारच हौस आली, तर चाल सुरू होण्याआधी पंचांकडे जाऊन तशी वर्दी द्यावी लागते. पंच ती ध्वनिक्षेपकावरून सगळ्या स्टेडियमला ऐकवतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनाही.

त्याचे काम एकच. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे सरकला की त्याचे अंग उजवीकडे वळते आणि डावी बाजू त्याला दिसेनाशी होते. त्या बाजूने सव्वाशे किलोचा बचावपटू सुसाट येत असतो. त्याला अडीच-तीन सेकंद थोपवून धरायचे, तेही उलट्या पावली मागे सरकत. हे नीट जमले तर मैदानावर काहीच घडलेले नसते. या काहीच न घडण्याचा दर हल्ली चांगल्या लेफ्ट टॅकलसाठी वर्षाला अडीच कोटी डॉलरपर्यंत जातो, प्रसंगी वरही. दर मार्चमध्ये खेळाडूंची बाजारपेठ उघडली, की एवढे पैसे द्यावेत का, यावर तज्ज्ञांच्या घशाला कोरड पडते.

हा दर एका रात्रीत चढलेला नाही. १९७८ मध्ये नियम बदलले आणि अडवणाऱ्यांना हात पुढे पसरून, पंजे उघडे ठेवून ढकलण्याची मुभा मिळाली. त्यानंतर फेकीचा खेळ वाढला. फेकणारा महाग झाला, आणि फेकणाऱ्याची हाडेही. १९९३ पासून खेळाडूंना करार संपल्यावर संघ बदलण्याची खरी मोकळीक मिळाली आणि तोवर घाऊक भावात मोजल्या जाणाऱ्या फळीतल्या माणसांचा किरकोळ भाव फुटला. पुढच्याच वर्षी पगारांवर कमाल मर्यादा आली. १९९४ मध्ये ती प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. एवढ्यात त्रेपन्न जणांचा संघ चालवायचा आणि त्यातला नऊ टक्के वाटा एकट्या लेफ्ट टॅकलने घ्यायचा, असा हा हिशेब आहे.

आता मोजमापाचा प्रश्न. क्वार्टरबॅकला चेंडूसकट लोळवण्याला सॅक म्हणतात. १९८२ पासून सॅक प्रत्येक बचावपटूच्या नावावर अधिकृतपणे जमा होतो. अर्धा सॅकसुद्धा जमा होतो. तो होऊ न देणाऱ्याच्या नावावर मात्र आजतागायत अधिकृतपणे काहीही जमा होत नाही. अधिकृत आकडेवारीत लेफ्ट टॅकलची कारकीर्द म्हणजे किती सामने खेळला एवढेच.

त्याच्या अस्तित्वाची जाहीर नोंद घेणारा माणूस एकच, तो म्हणजे मुख्य पंच. लेफ्ट टॅकलने समोरच्याला धरले, की पिवळा रुमाल पडतो, पंच कमरेच्या पट्ट्यावरचे बटण दाबतात आणि घोषणा होते: होल्डिंग, आक्रमक संघ, क्रमांक अमुक, दहा यार्ड. आक्रमक फळीला पन्नास ते एकोणऐंशी यांतलेच क्रमांक मिळतात, त्यामुळे कोण ते लगेच कळते. प्रतिस्पर्ध्यांनी मोठ्या मनाने दंड नाकारला, तरी क्रमांक वाचला जातोच. पंचाहत्तर हजार माणसांना आणि टीव्हीपुढच्या कोट्यवधींना या गृहस्थाचा परिचय होतो तो असा, आरोपी म्हणून. त्याने साठ चालींमध्ये साठ वेळा समोरच्याला रोखले, तर पंचांनी ध्वनिक्षेपक सुरू करून ‘क्रमांक अमुक, आजही काही केले नाही, शाबास’ असे म्हणण्याची तरतूद नियमावलीत नाही. टचडाउनचे गुण मिळालेच तर कॅमेरा फेकणाऱ्यावर जातो, मग झेलणाऱ्यावर, मग मालकाच्या कक्षावर, मग फेकणाऱ्याच्या आईवर. लेफ्ट टॅकल तोवर चाळीस यार्ड धापा टाकत येतो आणि झेलणाऱ्याला काखेत धरून उचलतो. कधी झेलणारा उदार असतो, तर चेंडू त्याच्या हातात देतो आणि तो एकदाचा जमिनीवर आपटू देतो. हंगामातला चेंडूस्पर्श बहुधा तेवढाच. तेव्हा त्याच्या एजंटने करार मागताना टेबलावर काय ठेवावे? ‘माझ्या अशिलाचे नाव वर्षभर कोणी घेतले नाही’, हीच त्याची गुणपत्रिका. या न्यायाने बोनसचे कलमही सोपे आहे: क्रमांक जितका कमी वेळा उच्चारला जाईल, तितके जास्त पैसे. हंगामभर एकदाही उच्चारला गेला नाही, तर तो खेळला होता याची खातरजमा करण्यासाठी चित्रफीत पाहावी लागेल. तीही मालक पाहणार नाहीत, कारण चित्रफितीत काहीच घडत नसते.

ज्यांना आकड्यांशिवाय झोप येत नाही, त्यांच्यासाठी आकडा असा. सतरा सामन्यांच्या हंगामात संघाच्या साधारण अकराशे चाली होतात. अडीच कोटी डॉलर भागिले अकराशे, म्हणजे चालीला बावीस-तेवीस हजार डॉलर. डॉलर पंच्याऐंशी रुपयांचा धरला तर एकोणीस लाखांच्या वर. तीन सेकंदांसाठी.

दर जास्त आहे असे म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो पैशांचा नसून भूमितीचा आहे. बचाव करणाऱ्यांना डोके असते. डाव्या टोकाला अडीच कोटींची भिंत दिसली, की ते आपला सर्वांत वेगवान माणूस उचलून उजव्या टोकाला नेऊन ठेवतात. तिथे त्याला अडवायला बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचा माणूस असतो. त्याहूनही वाईट म्हणजे मधला रस्ता. क्वार्टरबॅकपर्यंतचे सर्वांत कमी अंतर टोकावरून नाही, नाकासमोरून आहे. त्यामुळे डावीकडे किल्ला आणि मध्ये कुंपण अशी फळी बांधणारा संघ हंगामाच्या मध्यावर क्वार्टरबॅकचे स्कॅन काढायला पाठवतो आणि वर सांगतो, आम्ही संरक्षणावर किती खर्च केला बघा. गेल्या काही वर्षांत राइट टॅकलचे करार लेफ्टच्या जोडीला येऊन बसले आहेत, ते उगीच नाही.

नियम करणारे या गोंधळाच्याही पुढे गेले आहेत. करार संपलेल्या एका खेळाडूला संघ ठरावीक पगारावर आणखी एक वर्ष अडकवून ठेवू शकतो. त्याला फ्रँचायझी टॅग म्हणतात. हा पगार जागेनुसार ठरतो: क्वार्टरबॅकचा वेगळा, झेलणाऱ्याचा वेगळा, चेंडूला लाथ मारणाऱ्याचाही वेगळा. आक्रमक फळीत जागा तीन प्रकारच्या, टॅकल, गार्ड आणि सेंटर, पण टॅगचा पगार पाचही जणांना एकच. म्हणजे बाजारात लेफ्ट टॅकल सोन्याच्या भावाने विकायचा आणि नियमावलीत त्याला सेंटरच्या गठ्ठ्यात बांधायचे.

हिशेबाची दुसरी करामत म्हणजे पोकळ वर्षे. करारावर सही करताना मिळालेली रोख रक्कम पगारमर्यादेच्या खात्यात पाच वर्षांपर्यंत विभागून दाखवता येते. करार तीन वर्षांचा असेल, तर त्याला आणखी दोन वर्षे नुसती कागदावर जोडायची. त्या वर्षांत खेळाडू खेळणार नाही हे त्याला, संघाला, एजंटला आणि नियम करणाऱ्यांना ठाऊक असते, आणि तरीही सगळे गंभीर चेहऱ्याने सह्या करतात. मग तो निघून जातो आणि उरलेली रक्कम एकदम खात्यावर आदळते. नवा लेफ्ट टॅकल डाव्या टोकाला घाम गाळत असतो, जुना आपल्या फार्महाउसवर मासे गळाला लावत असतो, आणि खात्यात दोघेही हजर असतात. जुना अर्थातच जास्त भरवशाचा, कारण त्याच्या चुकीने या वर्षी एकही सॅक होत नाही, होल्डिंगचा रुमाल पडत नाही, गुडघा दुखावत नाही. अशा कागदी माणसांवर भल्याभल्या संघांनी एका वर्षात कोट्यवधी डॉलर वाहिले आहेत. पण प्रश्न विचारला जातो तो खेळणाऱ्याबद्दल: हा एवढा महाग का?

या प्रश्नातला निर्लज्जपणा मोजायला कॅल्क्युलेटर पुरतो. २०२१ मध्ये झालेले टीव्ही-प्रक्षेपणाचे करार अकरा वर्षांचे आणि एकशे दहा अब्ज डॉलरचे आहेत. संघ बत्तीस. म्हणजे एका संघाला सरासरीने वर्षाला एकतीस कोटी डॉलर, एकही तिकीट, एकही बिअर, एकही जर्सी विकण्याआधी. सगळ्या खेळाडूंच्या पगाराची २०२५ मधली मर्यादा २७ कोटी ९२ लाख. पगार टीव्हीनेच भागवला आणि वर शिल्लक राहिली. स्टेडियम अनेक शहरांत विक्रीकरातून, हॉटेलकरातून, म्हणजे तिथल्या रहिवाशांच्या खिशातून उभे राहिले. एवढे झाल्यावर मालक पत्रकार परिषदेत कपाळाला आठ्या घालून ‘आर्थिक शिस्त’ म्हणतो, आणि ती शिस्त लागते कोणाला, तर ज्याच्या डोक्याचा, मानेचा आणि गुडघ्यांचा दर चालीला हातोडा होतो त्याला. करारातला मोठा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, पण त्यातला बराच भाग हमीचा नसतो. पाठ गेली की माणूस मोकळा. एकाला जास्त दिले तर दुसऱ्याला कमी पडते, हे खरे आहे. पण ती मर्यादा आकाशातून पडलेली नाही, ती टेबलावर बसून ठरवलेली आहे, आणि टेबलाच्या एका बाजूला बसणाऱ्यांचे गुडघे शाबूत आहेत.

राहिला व्यवहाराचा भाग. उत्तम लेफ्ट टॅकल खुल्या बाजारात क्वचितच येतो, कारण तो ज्यांच्याकडे असतो ते त्याला सोडत नाहीत. मार्चमध्ये विकायला असतो तो बहुधा कोणीतरी विचार करून सोडलेला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत घेतलेला मुलगा मात्र चार वर्षे ठरलेल्या पगारावर खेळतो, आणि संघाला वाटले तर पाचवे वर्षही. तेवढ्या अवधीत वाचलेल्या पैशांत मधले तिघे आणि उजवा टॅकल बरे घेता येतात. ज्या संघाला ही पाच वर्षे वापरता येत नाहीत, त्याची अडचण लेफ्ट टॅकलच्या दराची नाही, निवड करणाऱ्यांची आहे.

तेव्हा स्वतः निवडलेल्या, स्वतः वाढवलेल्या, तिशीच्या आतल्या लेफ्ट टॅकलला मागेल ते द्यावे आणि तक्रार करू नये. दुसऱ्याने सोडलेल्याला तेवढेच द्यायचे असेल, तर सोडणाऱ्याने का सोडला ते आधी शोधावे. मधली फळी रिकामी ठेवून डावीकडे पैसे ओतणाऱ्या संघाने क्वार्टरबॅकही दोन ठेवावेत. क्वार्टरबॅक डावखुरा असल्यास वरील सर्व मजकूर राइट टॅकलला लागू.