मिस्त्री कोण?

आमच्या कडेगाव तालुक्यात 'मी गाडीचं सर्व्हिसिंग स्वतः केलं' असं सांगून कुणावर छाप पडत नाही. याला कारण देवराष्ट्रे. त्या गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून आख्खी जीप उभी केली. स्टेअरिंग डाव्या बाजूला, सुरू करायला मोटरसायकलची किक, आणि खर्च साठेक हजार. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ थेट आनंद महिंद्रांपर्यंत पोचला. गाडी कुठल्याच नियमात बसत नाही हे त्यांनी लिहिलं, कौतुकही केलं आणि तिच्या बदल्यात नवीकोरी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो आली आणि जीप महिंद्रा कंपनीच्या संग्रहात गेली. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण कधी इतिहासाचा तास आला आणि 'देवराष्ट्रे कशासाठी प्रसिद्ध?' असं विचारलं, तर पोरं एका सुरात 'जीप!' म्हणतात.

शेजारच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी. तिथल्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना मांडला आणि लोखंडी नांगर केले. लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी आधी त्या नांगराला शिवेनात, असं सांगतात. म्हणजे यंत्रं करणारे आणि त्यांच्यावर शंका घेणारे, दोन्ही या भागात आधीपासून भरपूर. अशा मुलखात एक मास्तर वॅगन आरखाली झोपून ऑइल बदलतो, ही काही बातमी नव्हे. तरी सबंध गल्ली जमली, आणि त्याला कारण वेगळं होतं. फुकटात दुसऱ्याला काम करताना बघायला मिळत होतं.

सुरुवात झाली ती एका वर्कशॉपच्या बिलापासून. काचेच्या खोलीत बसवून, मशीनची कॉफी पाजून, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर नावाच्या नम्र मुलानं तो कागद पुढं केला. मेजर सर्व्हिस, नऊ हजारांच्या पुढं. ऑइल, फिल्टर, प्लग हे मला समजलं. पण खाली 'इंजिन ड्रेसिंग' होतं, 'थ्रॉटल बॉडी क्लीनिंग' होतं, एसीचं निर्जंतुकीकरण होतं, 'कन्झ्युमेबल्स' होते आणि उंदीर येऊ नयेत म्हणून मारलेला फवाराही होता. मजुरीवर अठरा टक्के जीएसटी होताच. उंदरांचं मी विचारलं. "वायर कुरतडतात सर," तो मुलगा म्हणाला. हे खरं आहे. आमच्याकडं उसाला तोड लागली की रानातले उंदीर घराकडं सरकतात. पण त्या उंदरांना कडेगावात आवरायला आम्ही मांजर पाळलंय आणि ते कुठलाही कर लावत नाही.

पुढच्या वेळी घरीच करायचं ठरवलं. विज्ञानाचा शिक्षक आहे, गाडीचं पुस्तक वाचता येतं, आणि दिवाळीची सुट्टी होती.

पहिला अडथळा स्पेअर पार्टच्या दुकानात आला. मी यादी वाचली. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, तीन प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "मिस्त्री कोण?"

"मीच."

आता त्यानं मान वर केली. माझा इस्त्रीचा शर्ट बघितला, चष्मा बघितला, नखं बघितली. मग आवाज उतरवून म्हणाला, "घरात काय अडचण हाय का सर?"

या धंद्यात मिस्त्रीला एक दर असतो आणि गिऱ्हाइकाला दुसरा. मी दोन्ही होतो, तेव्हा मला कमी दर मिळावा असा माझा युक्तिवाद होता. त्यानं तो शांतपणे ऐकला आणि गिऱ्हाइकाचा दर लावला. तरीही सगळा माल साडेतीन हजारांच्या आसपास बसला. निम्म्याहून जास्त वाचलं, या आनंदात मी गोटी पान्यांचा सेट, फिल्टर काढायचा पट्टा, जॅक लावून झाल्यावर खाली ठेवायच्या दोन लोखंडी घोड्या आणि पत्र्याचं पसरट घमेलं घेतलं. हिशेबाच्या वहीत हे 'भांडवली खर्च' या सदरात टाकलं. बायकोनं ती वही वाचली, पण ती अकाउंट्स शिकलेली असल्यामुळं काही बोलली नाही.

रविवारी सकाळी गाडी घोड्यांवर चढवली आणि पाच मिनिटांत प्रेक्षक आले. सगळ्यांच्या पुढं तात्या. विट्याच्या एस.टी. डेपोत जन्म घालवून निवृत्त झालेले. प्लास्टिकची खुर्ची घरनं घेऊनच आले. तात्या गाडीला हात लावत नाहीत, फक्त कान लावतात. गल्लीत कुणाचीही गाडी शिरली की घरात बसून सांगतात, "बेअरिंग गेलंय त्याचं." आणि महिन्याभरात ते जातं. ते आवाज ओळखतात, की गाडीला दृष्ट लावतात, यावर गल्लीत दोन तट आहेत.

"आदी कुठला नट काडणार?" तात्यांनी परीक्षा घेतली.

"चेंबरचा."

"चूक. वरचं टोपण काडा. वरनं हवा न्हाय मिळाली तर खालनं ऑइल कसं यील?"

"आपल्या ताबुतावानी," मागून कुणीतरी म्हणालं. "आदी कळस, मग पाया."

सगळे हसले, पण उपमा चोख होती. कडेगावचे मोहरमचे गगनचुंबी ताबूत कळक आणि सुतानं बांधतात, ते वरच्या मजल्यापासून खाली येत. ताबुतांच्या भेटीच्या दिवशी बघायला अख्खा मुलूख लोटतो, आणि ते उचलणाऱ्यांत हिंदूही असतात आणि मुसलमानही. एवढं उंच काम उलट्या क्रमानं करणाऱ्या गावात ऑइलचं टोपण आधी काढायचं हे शेंबड्या पोरालाही कळणार.

टोपण निघालं. चेंबरचा नट निघेना. मी खाली झोपून पान्याला लोंबकळलो. तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी वाकला. नववीत त्याला मीच विज्ञानात काठावर पास केलं होतं. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधतो. त्यानं कुठूनसा हातभर लांब पाइप आणला, पान्याच्या दांडीवर चढवला आणि एका बोटानं दाबला. नट सुटला.

"दांडी लांब तेवढा जोर कमी," तो म्हणाला. "तुमीच शिकिवलं न्हवं, सर."

ऑइल काळं कुळकुळीत, घमेल्यात पडलं आणि लगेच त्याच्यावर हक्क सांगायला तिघं पुढं झाले. एकाला सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायचं होतं, एकाला गोठ्याच्या वाशांना वाळवीसाठी, आणि तिसऱ्याला 'असू दे घरात' म्हणून. मी विज्ञानशिक्षकाच्या आवाजात सांगितलं की जळकं ऑइल हा घातक कचरा आहे, २०१६ चे तसे नियम आहेत, ते मातीत गेलं तर विहिरीत उतरेल. सगळ्यांनी आदरानं ऐकलं. माझं व्याख्यान संपेस्तोवर घमेलं जागेवर नव्हतं.

नवा फिल्टर हातानंच आवळायचा असतो, पान्यानं नव्हे. रबरी कडेला थोडं ऑइल लावायचं, टेकला की पाऊण फेरा. नवीन ऑइल तीन लिटरच्या आत-बाहेर. हे सगळं बिनबोभाट झालं, त्यामुळं प्रेक्षक कंटाळले. एक पोरगा मोबाइलवर शूटिंग करत होता. "काका, जरा हातोडी-बितोडी मारा की. व्हायरल झालं तर बोलेरो मिळंल."

रंग चढला ब्रेक ऑइलला. या तेलाला हवेतलं बाष्प ओढून घ्यायची खोड असते. दोनेक वर्षांत त्याचा उकळणबिंदू उतरतो, आणि घाट उतरताना ब्रेक तापले की तेलात वाफ होऊन पॅडल पोकळ लागतं. म्हणून बदलायचं. पण याला माणसं दोन लागतात. एकानं आत बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळची निपल सोडायची, बुडबुडे गेले की आवळायची, आणि मगच पहिल्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत. आतला माणूस म्हणून बायको बसली.

"दाबा!" मी ओरडलो.

"दाबलंय."

"धरा!"

"धरलंय. किती वेळ?"

"वैनी, सोडू नगा!" गल्लीनं आवाज दिला.

"कुकर लावलाय हो!"

"पाय नगा उचलू, शिट्टी आमी मोजतो!"

आणि खरोखरच मोजल्या. चारही चाकं होईपर्यंत वरण, भात आणि ब्रेक अशी तिन्ही कामं सार्वजनिक देखरेखीखाली उरकली. वर्कशॉपात काचेपलीकडं हे काम होतं तेव्हा तिथं एवढा जीव कुणी लावत असेल, असं मला वाटत नाही.

गाडी सुरू केली. तात्यांनी डोळे मिटले. गल्ली गप्प झाली. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "बरी हाय." त्यांच्या तोंडून याहून मोठी पदवी आजवर कुणाला मिळालेली नाही.

आता यात अडचण कुठली? गाडी उत्तम पळते. अडचण घरातच निघाली. कराडला निघालो, ओगलेवाडीच्या अलीकडं बायको म्हणाली, "आवाज येतोय का हो?" आवाज रस्त्याचा होता. पण तिनं तो माझ्या खात्यावर टाकला. मागच्या वर्षी वर्कशॉपातून आणलेली गाडी खरोखरच खडखडत होती, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून, एकमतानं, कराडपर्यंत त्या वर्कशॉपला शिव्या घातल्या होत्या. संसारात एवढा एकोपा वारंवार लाभत नाही. मला वाटतं, त्या नऊ हजारांतले तीन ऑइल-फिल्टरचे, दोन मजुरीचे आणि उरलेले सगळे या सोयीचे असतात. पैसे मोजले की नावं ठेवायला माणूस मिळतो. स्वतः केलं की तो माणूस शेजारच्या सीटवर स्टेअरिंग धरून बसलेला असतो. आमच्या आईनं तर देवदर्शनाला निघताना सरळ विचारलं, "बघून घेतलीय का गाडी कुणाकडनं तरी?"

हे सगळं मी दिवाळीला आलेल्या एका शेजाऱ्याला सांगितलं. हा गलाईवाला. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत; सणावाराला कडेगाव-विट्याच्या गल्ल्यांतून तामिळनाडू, केरळ, बंगाल अशा सगळ्या नंबरांच्या गाड्या उभ्या दिसतात. याची तामिळनाडूची, मोठी, डिझेलची. माझी तक्रार ऐकून त्याचा चेहरा उजळला.

"मग माझ्या गाडीचं बी करा की सर."

"अरे, तिकडं तुला कंपनीचं वर्कशॉप आहे."

"हाय. पन तितं बोलायचं झालं तर तमिळमधनं बोलाय लागतंय. तमिळमधनं मला हिशेब येतोय, भांडाय येत न्हाय. तुमी काय, हक्काचं."

नाही म्हणता आलं नाही. रविवारी त्याचं काम झालं, डिझेल फिल्टरसकट. भाऊबीज झाल्यावर तो गेला. आता दर आठ-पंधरा दिवसांनी रात्री फोन येतो. तिकडं बॉनेट उघडून तो मोबाइल इंजिनावर धरतो आणि ओरडतो, "सर, ऐका जरा!" मी स्पीकर लावून फोन तात्यांच्या अंगणात नेतो. तात्या डोळे मिटून ऐकतात, हात वर करून मला गप्प करतात, आणि म्हणतात, "बेल्ट वाजतोय. पन त्येला म्हणावं, आदी गाडीतलं गाणं बंद कर."