आमच्या टाचा परत द्या

संस्कृती बुडाली, पुरुष बायकी झाले, पुढची पिढी हातची गेली, अशी हाकाटी कानावर आली की आम्ही हातातलं काम टाकून त्या गर्दीत घुसतो. परंपरेच्या बाबतीत आम्ही कट्टर आहोत. सध्या हाकाटीला निमित्त आहे उंच टाचांचं. कुणीतरी गायक, कुणीतरी नट, कुणाचा तरी कॉलेजात जाणारा मुलगा टाचांचे बूट घालून चारचौघांत हिंडतो, त्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडतो आणि खाली सेक्रेटरी लिहितात, ‘हे आपल्यात बसत नाही.’ मग त्याखाली पिवळ्या अंगठ्यांची रांग लागते.

आम्हीही अंगठा देतो. फक्त आमची मागणी जरा पुढची आहे. परंपरेची एवढी चाड असेल, तर उद्या सकाळपासून समस्त पुरुषवर्गानं टाचा घालाव्यात आणि बायकांच्या पायातल्या काढून घ्याव्यात. कारण मूळ माल आपला आहे.

टाच काढली ती इराणच्या घोडेस्वारांनी. भरधाव घोड्यावर रिकिबीत उभं राहून बाण सोडायचा, तर पाय रिकिबीतून सटकून चालत नाही. बुटाला टाच असली की ती रिकिबीच्या दांडीला अडकून बसते आणि स्वार निर्धास्त नेम धरतो. म्हणजे ज्या वस्तूला आपण आज नाकं मुरडतो, ती मुळात तलवार-ढालीच्या जातकुळीतली. शाह अब्बासनं १५९९ मध्ये आपले वकील युरोपच्या दरबारांत पाठवले. त्या सुमारास तिकडे इराणी गोष्टींचं वेड पसरलं आणि त्या वेडात तिथल्या सरदारांनी टाच उचलली. घोडा असो वा नसो. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाच्या पुरुष मॉडेलांच्या पायात कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली, तेव्हा आपण एका रात्रीत श्रेय मागायला धावलो. टाचेचं श्रेय इराणनं चारशे वर्षांत मागितलेलं नाही. याला म्हणतात मोठं मन.

युरोपातले तेव्हाचे रस्ते म्हणजे चिखल, दगड आणि शेण. त्यात टाच घालून चालणं म्हणजे हालच. पण ज्याला चालावं लागत नाही तो मोठा माणूस, हा नियम तेव्हाही होताच. फ्रान्सचा चौदावा लुई याचं उत्तम उदाहरण. इयासिंत रिगो या चित्रकारानं १७०१ मध्ये काढलेलं त्याचं भव्य चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. साठी उलटलेले महाराज, खांद्यावर निळा राजझगा, डोक्यावर केसांचा ढीग, खाली पांढरे मोजे. झगा एका बाजूनं असा मागे सारलाय की दोन्ही पोटऱ्या लोकांनी नीट बघाव्यात, आणि त्या पोटऱ्यांखाली बूट, बुटांना लालभडक टाचा. चित्र काढलं होतं स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवाला भेट द्यायला. पण महाराजांना स्वतःचं रूप इतकं आवडलं की त्यांनी ते घरीच ठेवून घेतलं. लाल टाच म्हणजे दरबारात मान, अशी त्या काळची रीत. आपल्याकडे लाल दिव्याच्या गाडीला होता, तसाच.

आता चोरी कुणी केली ते ऐका. सतराव्या शतकात तिकडच्या नव्या वळणाच्या बायकांनी पुरुषांची नक्कल सुरू केली. पुरुषी टोप्या घातल्या, पाइप ओढायला लागल्या आणि जाता जाता टाचही उचलली. त्या काळी हाकाटी झाली ती ‘बायका पुरुषी झाल्या’ अशी. हाकाटी तीच, फक्त दिशा उलटी. (आपल्याकडे तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. बालगंधर्वांनी रंगमंचावर शालू नेसला आणि घरंदाज बायकांनी ती नेसण्याची ढब त्यांच्याकडून उचलली. बाईसारखं दिसणाऱ्या पुरुषाकडून बायका बाईसारखं दिसायला शिकल्या आणि संस्कृती जागची हलली नाही. उलट पुण्यात त्यांच्या नावाचं नाट्यगृह उभं राहिलं.)

पुढे अठराव्या शतकात युरोपातला पुरुष एकाएकी शहाणा झाला. बुद्धी, विवेक, उपयुक्तता असे शब्द तोंडात आले आणि नटणं-मुरडणं हे बायकांचं काम ठरलं. साधारण १७४० पर्यंत पुरुषांच्या पायातली टाच उतरली. उंच दिसायची हौस मात्र उतरली नाही. आणि तिथूनच आमच्या आजच्या दुखण्याची सुरुवात होते.

कारण पुरुषानं टाच सोडली ही निव्वळ अफवा आहे. त्यानं ती झाकली. अमेरिकेतल्या गुराख्यानं घातली, तर तिला मर्दानी बूट म्हणायचं. बीटल्सच्या चौघांनी घातली, तर ती फॅशन. आणि आपल्याकडच्या सत्तरच्या दशकाबद्दल तर बोलायलाच नको. कपाटाच्या वरच्या फळीवरचा अल्बम काढा आणि तुमच्या काकांचा, मामांचा कॉलेजातला फोटो शोधा. कानावर केस, छातीवर कॉलरची दोन पानं, आणि खाली बेलबॉटम. त्या बेलबॉटमचा घेर एवढा का असतो? काकांना विचारू नका, ते विषय बदलतील. त्या घेराखाली दोन-अडीच इंची टाच आहे. तेच काका आज ग्रुपवर पहिला अंगठा देतात.

हल्ली घेर गेला, पण लग्नं राहिली. मुलीच्या बायोडाटात उंची पाच फूट सहा आणि मुलाचीही पाच फूट सहा असली की दोन्हीकडच्या मंडळींच्या पोटात गोळा येतो. पत्रिका छत्तीस गुणांनी जुळेल, शिक्षण जुळेल, पण फोटोत नवरी वर आणि नवरदेव खाली दिसला तर जगाला काय तोंड दाखवायचं? यावर तोडगा निघतो बुटाच्या दुकानात. आम्ही स्वतः शेजारच्या बाकावर बसून तो निघताना पाहिलाय. नवरदेव शेरवानीखालच्या मोजड्या बघत होता, आई शेजारी. दुकानातल्या पोरानं दोघांना एकदा आपादमस्तक न्याहाळलं, आत गेला आणि दुसराच जोड घेऊन आला.

‘‘दादा, हा घालून बघा. आतून दोन इंच आहे.’’

‘‘बाहेरून दिसतंय का पण?’’ आईनं विचारलं.

‘‘काकू, अजिबात नाही. वरून एकदम साधा. चढ आहे तो आत टाचेखाली.’’

नवरदेव उठला, आरशासमोर गेला, दोन पावलं पुढे सरकला आणि उतरणीवरून ब्रेक लावत यावं तसा परत आला. आई मागे सरकून बघत होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘हे बरंय. आणि तिला सांगून ठेव, सपाट चपला घाल म्हणावं.’’

या वाक्यासाठी आम्ही त्या माउलीचे आभारी आहोत. वराच्या पायात छुपी टाच आणि वधूच्या पायातली उघडी टाच जप्त, अशी दोन्हीकडून वसुली. बिल झालं, जोड खोक्यात गेला. नवरदेवानं खोक्यावरचं ‘हाइट इन्क्रीझिंग’ असं लिहिलेलं स्टिकर तिथल्या तिथे नखानं खरवडून काढलं. पुरुष टाचेला लाजत नाही. तो टाच दिसण्याला लाजतो.

मोठी माणसं तरी वेगळी कुठे आहेत? फ्रान्सचे माजी अध्यक्ष निकोला सार्कोझी यांच्या बुटांच्या टाचांवर तिकडच्या व्यंगचित्रकारांची कित्येक वर्षं रोजीरोटी चालली. फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले. अर्थकारण, युक्रेन, सीमाप्रश्न सगळं बाजूला राहिलं आणि त्यांच्या काउबॉय बुटांच्या आत चढ आहे की नाही यावर जाणत्या मोचीबांधवांची मतं मागवली गेली. बूट साधेच आहेत, आत काही नाही, असा खुलासा त्यांच्याकडून आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मायामीत झालेल्या उमेदवारांच्या वादसभेत विवेक रामस्वामींनी डिसँटिस आणि निकी हेली या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना एका दमात ‘तीन इंची टाचांवरून’ टोमणा मारला. हेलीबाईंनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली की आपल्या टाचा तीन नव्हे, पाच इंची आहेत आणि त्या घालून धावता येत नसेल तर आपण घालतच नाही. डिसँटिस गप्प. एकाच मंचावर, एकाच टोमण्यात, टाच बाईच्या पायात शस्त्र झाली आणि पुरुषाच्या पायात लफडं.

अमेरिकी गायक प्रिन्स मात्र या भानगडीत पडला नाही. उंचीनं तो लहानखुरा होता, टाचा उघड्या घालायचा आणि त्यांवरून मंचावर उड्या मारायचा. त्याच्या पश्चात २०२१ मध्ये त्याच्या घरीच त्याच्या बुटांचं प्रदर्शन मांडलं, तर तीनशेहून जास्त जोड निघाले. एकही खोका खरवडलेला नसावा. जर्मनीत राहणारा एक अमेरिकन अभियंता, बायकोपोरांचा संसारी माणूस, वर शर्ट-टाय आणि खाली स्कर्ट नि टाचा घालून रोज कामाला जातो. त्याच्या फोटोंखाली जगभरचे पुरुष विचारतात, का? बायका विचारतात, कुठून घेतलेस? आणि टोरोंटोत बाटाचं पादत्राण संग्रहालय आहे (हो, तेच बाटा, शाळेचे काळे बूट आणि नव्व्याण्णववर संपणारी किंमत). तिथे २०१५ मध्ये पुरुषांच्या टाचांच्या इतिहासावर आख्खं प्रदर्शन भरलं होतं. सोसायटीची सहल काढायला हरकत नाही.

आता दुसरी बाजू. पुरुषाला जी वस्तू उघड घालायला बंदी, तीच बाईला सक्तीची. लंडनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये स्वागतकक्षात कामाला आलेल्या तरुणीला सपाट बूट घातले म्हणून पहिल्याच दिवशी बिनपगारी घरी पाठवलं. नियम होता दोन ते चार इंच टाचेचा. तिनं विचारलं, पुरुष सहकाऱ्यांनी टाच घातलीय का? लोक हसले. तिच्या अर्जावर दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या, पार्लमेंटात चर्चा झाली आणि सरकारनं नवा कायदा करायला नकार दिला. जपानात २०१९ मध्ये अशाच सक्तीविरुद्ध बायकांनी हजारो सह्यांचा अर्ज दिला, तेव्हा तिथले आरोग्य व कामगार मंत्री म्हणाले की कामाच्या दृष्टीनं आवश्यक आणि योग्य म्हणून समाज हे मान्य करतो. मंत्रिमहोदयांच्या पायात त्या वेळी काय होतं हे कुणी तपासलं नाही. शहाणे निघाले फिलिपिन्सवाले. त्यांनी २०१७ मध्ये एका इंचाहून उंच टाच सक्तीची करायला मनाई केली.

वैद्यकशास्त्र याबाबत अरसिक आहे. टाच उंचावली की अंगाचा भार पंजावर येतो, बोटं पुढच्या टोकात चेंगरतात, गुडघा अवघडतो आणि वर्षानुवर्षं घालत राहिलं की पोटरीचा स्नायू आखडतो. मग अनवाणी चाललं तरी दुखतं. अमेरिकेत २००१ पासून बायकांवरच्या अत्याचारांच्या निषेधासाठी एक मोहीम चालते. तीत पुरुष लाल टाचा घालून एक मैल चालतात. हेतू चांगला आहे, खिल्ली उडवायची नाही. पण फोटो बघा. एक मैलभर लडखडत गेलेल्या त्या वीरांना दुतर्फा टाळ्या पडतात, पाणी मिळतं, शेवटी बसायला खुर्ची. ठाण्याच्या फलाटावर सव्वाआठची फास्ट पकडायला त्याच टाचांवर जिना उतरणाऱ्या बाईला कुणी टाळी वाजवल्याचं ऐकिवात नाही. वाजवली तर तो वेगळा गुन्हा आहे.

तर आमची मागणी संस्कृतिरक्षकांनी उचलून धरावी. धरणार नाहीत, हे माहीत आहे. दुकानातल्या त्या नवरदेवापासून गव्हर्नरापर्यंत सगळे छुप्या टाचेवर खूश आहेत. म्हणून आम्ही तडजोडीला तयार आहोत. सर्व पुरुषांना नको, निवडक पुरुषांना पुरे. कुठल्या, ते फूटपाथवर कळेल.

तुम्ही आपल्या शहरातल्या फूटपाथवरून कुठल्याही टाचवाल्या बाईच्या मागे पन्नास पावलं चालून बघा (अंतर राखून, आणि आधी कारण सांगून). तिची नजर समोर नसते, खाली असते. पेव्हर ब्लॉक एक वर, एक खाली, एक गायब. दोन ब्लॉकांमधली फट बरोबर टाचेच्या मापाची, जणू कुणी नमुना घेऊन पाडली असावी. पुढे गटाराची जाळी, तिच्या पट्ट्या चालण्याच्याच दिशेनं लावलेल्या, म्हणजे टाच आत गेली की पाय बाहेर आणि बूट आत. मग ती वर्षभर जाळी आली की आपोआप चवड्यावर चालते. वळणावर बसलेला चपला-बूट दुरुस्त करणारा मोची हे सगळं बघत असतो. टाचेखालची रबरी चकती बदलायला त्याच्याकडे रांग असते. कंत्राटदाराइतकाच तोही या फूटपाथवर जगतो, पण निदान काम करून देतो.

हा फूटपाथ ज्यानं बांधला, ज्यानं मोजला आणि ज्यानं ‘काम समाधानकारक’ असा शेरा मारला, ते तिघंही सपाट बुटात होते, आणि बहुधा गाडीत. राज्यातल्या सर्व महापालिका आयुक्तांना आमची हात जोडून विनंती आहे की निविदेत एक कलम वाढवावं. फूटपाथचं बिल निघण्याआधी कंत्राटदार, कनिष्ठ अभियंता आणि प्रभागाचे नगरसेवक यांनी तीन इंची टाचा घालून कामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवावं. कुणाचा हात धरायचा नाही, रेलिंग असलं तरी धरायचं नाही. टाच फटीत अडकली तर त्या भागाचे पैसे कापावेत, पाय मुरगळला तर काम पुन्हा करून घ्यावं. लाल टाच हवी असेल तर नगरसेवकांना मुभा द्यावी, मानाची असते. चाचणी पावसाळ्यात घ्यावी.