गाडी अधिक चाकं अधिक बोलणी
अमेरिकेत पन्नास वर्षांची डॅटसन २४०झेड गाडी ऑनलाइन लिलावात काढणारा मालक पोटचं पोर सासरी धाडावं तसा हळवा झालेला असतो. पोरीचा सहा सिलिंडरचा मूळ जीव मात्र त्याने केव्हाच काढून भंगारात दिलेला असतो आणि त्या जागी शेव्हरलेचं व्ही-८ इंजिन कोंबलेलं असतं. जाहिरातीत याला 'अभिरुचीपूर्ण बदल' म्हणतात. कोणाची अभिरुची, ते विचारू नये.

फोटो ढीगभर. बहुतेक मावळतीच्या उन्हातले. गाडीच्या पोटाखालचे दोनच, तेही जरा हललेले. गिऱ्हाईक वस्ताद. तो नेमका त्यातलाच एक फोटो मोठा करतो आणि विचारतो, 'जॅक लावायच्या जागेपाशी वेल्डिंगचं ठिगळ कसलं?' मग थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओही मागतो.

मालकाचा हिशेब सरळ असतो: गाडी अधिक इंजिन अधिक चाकं अधिक रंग अधिक घरात खाल्लेली बोलणी, बरोबर किंमत. बोली लावणारा यातली फक्त गाडी धरतो आणि बाकीचं काढून टाकायचा खर्च वजा करतो. लिलावाच्या शेवटच्या दोन मिनिटांत नवी बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जातं. तेवढाच मालकाच्या जिवात जीव.

जानेवारी २०२० मध्ये 'ब्रिंग अ ट्रेलर' या लिलावाच्या संकेतस्थळावर १९७१ची एक २४०झेड ३,१०,००० डॉलरना गेली. ती जवळजवळ कारखान्यातून निघाली तशीच होती.