पाय कसा आहे आता?

मराठी माणूस हॉस्पिटलात पडला की त्याचं अर्धं दुखणं डॉक्टरच्या हाती असतं आणि अर्धं भेटायला येणाऱ्यांच्या. शहाळी येतात, मोसंबी येतात, ग्लुकोजची बिस्किटं येतात. खुर्ची पुढे ओढली जाते आणि पहिला प्रश्न पडतो, ‘नक्की झालं काय?’ हे रुग्णाने चाळिसाव्यांदा साद्यंत सांगायचं. सांगून झालं की भेटायला आलेला मान हलवतो आणि म्हणतो, ‘आमच्या साडूंना अगदी हेच झालं होतं.’ साडू सध्या कसे आहेत, हे विचारायचं नसतं.

ही पद्धत फक्त आपल्याकडची, असा माझा बरीच वर्षं समज होता. तो बार्बारो नावाच्या एका अमेरिकन घोड्याने दूर केला.

6 मे 2006 रोजी या घोड्याने केंटकी डर्बी साडेसहा लांबींनी जिंकली. एवढ्या फरकाने ती शर्यत 1946 नंतर कोणी मारली नव्हती. सहा वेळा धावला, सहाही वेळा पहिला. अमेरिकेत डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकण्याला ‘ट्रिपल क्राउन’ म्हणतात आणि 1978 पासून तो मुकुट रिकामाच पडून होता. त्यामुळे दोन आठवड्यांनी, 20 मे रोजी, बाल्टिमोरच्या पिमलिको रेसकोर्सवर एक लाख अठरा हजारांवर माणसं जमली ती प्रीकनेस बघायला कमी आणि राज्याभिषेक बघायला जास्त.

बार्बारो दार उघडण्याआधीच गेट ढकलून बाहेर आला. त्याला परत आणून उभं केलं. खरी शर्यत सुटली आणि ग्रँडस्टँडच्या समोरच त्याचा उजवा मागचा पाय गेला. मोडला म्हणणं सौम्य होईल, पायाच्या खालच्या भागाची वीसहून अधिक शकलं झाली आणि खुरावरचा सांधा निखळला. एडगर प्राडो हा जॉकी त्याला कसाबसा थांबवून खाली उतरला. लोक रडत होते. बर्नार्डिनी नावाचा घोडा शर्यत जिंकला. त्याच्या तिकिटांचे पैसे रीतसर खिडकीवर मिळाले, तेवढ्यापुरतं कोणी रडायचं थांबलं असेल तर त्याची नोंद नाही.

इथून पुढे भेटायला येणाऱ्यांचा हंगाम सुरू झाला.

रुग्णाला पेनसिल्वेनियातल्या केनेट स्क्वेअरला, तिथल्या विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटर या जनावरांच्या इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी डीन रिचर्डसन या शल्यविशारदाने पाच तासांहून जास्त वेळ खपून एक पट्टी आणि सत्तावीस स्क्रूंनी तो पाय जोडला. मग भूल उतरवायची. हा भाग शस्त्रक्रियेइतकाच अवघड, कारण घोड्याला जाग येते ती धावतच येते. 1975 मध्ये रफियन नावाच्या अपराजित घोडीचा पाय असाच शर्यतीत मोडला होता. ऑपरेशन झालं, शुद्धीवर येताना तिने इतके पाय झाडले की प्लास्टर फोडून पुन्हा इजा करून घेतली आणि तिला संपवावं लागलं. म्हणून बार्बारोला तराफ्यात घालून कोमट पाण्याच्या तलावात उतरवलं. झाडायचे तेवढे पाय पाण्यात झाड म्हणावं! गंगेत घोडं न्हालं, हे आपण काम फत्ते झाल्यावर म्हणतो. तिथे घोडं न्हाल्यावर खरं काम सुरू झालं. यातून वाचेल का, यावर डॉक्टरांचं मत होतं नाणेफेकीसारखं.

तेवढ्या अर्ध्या आशेवर देश इस्पितळाच्या दारात लोटला. गाजरं आली, सफरचंदं आली, फुलं आली, लवकर बरा हो अशी कार्डं आली. जपमाळा आल्या. तीर्थ आलं. घोड्याला वाचता येत नाही ही अडचण कुणाला वाटली नाही आणि खरं सांगायचं तर वाटायचं कारणही नव्हतं. आपण तरी शहाळं घेऊन जातो ते कुणाच्या समाधानासाठी? शिवाय हा रुग्ण सर्वगुणसंपन्न होता. ‘नक्की झालं काय’ हे त्याला विचारायची गरज नव्हती, टीव्हीवर शंभरदा दाखवून झालं होतं. साडूची गोष्ट त्याने मध्येच तोडली नसती. आणि ‘आता विश्रांती घे’ म्हटल्यावर त्याने उलट उत्तर दिलं नसतं, जरी उत्तर देण्याचा खरा अधिकार त्याचाच होता.

कारण घोड्याला विश्रांती घेता येत नाही. माणसाचा पाय मोडला तर तो पाय उशीवर ठेवून महिनाभर बायकोला हाका मारू शकतो. पाचशे किलोंचा घोडा आठवडेच्या आठवडे आडवा ठेवला तर त्याच्याच वजनाखाली त्याचे स्नायू आणि फुप्फुसं मार खातात. तो झोपतोसुद्धा बहुतेक उभ्यानेच. म्हणजे मोडक्या पायावर पहिल्या दिवसापासून उभं राहायचं, आणि तो पाय दुखतो म्हणून वजन दुसऱ्यावर टाकायचं, की दुसरा जातो. चार पायांच्या संसारात एकाने अंग काढलं की बाकीच्यांचं काय होतं, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना सांगायला नको.

जुलैत तेच झालं. डाव्या मागच्या, धडधाकट पायाच्या खुराला आतून सूज आली. खूर म्हणजे हाडाला आतल्या नाजूक पडद्यांनी धरून ठेवलेला डबा. ते पडदे सुटले की जनावर नखाशिवायच्या बोटावर उभं असतं. डॉक्टरांनी त्या खुराचा ऐंशी टक्के भाग कापून काढला. तो पुन्हा वाढायला कित्येक महिने. मधल्या काळात वर्तमानपत्रांत रोज वृत्त : रात्र बरी गेली, भूक चांगली आहे, चंदी सगळी संपवली. आमच्याकडे मंत्र्यांची प्रकृतीसुद्धा ‘स्थिर’ या एका शब्दात उरकतात.

या काळात जी गोष्ट सगळ्यांच्या मनात होती आणि हळू आवाजात बोलली जात होती, ती सांगायला हवी. डर्बी जिंकलेल्या घोड्याची खरी कमाई निवृत्तीनंतर सुरू होते, वळू म्हणून. आणि थरोब्रेड जातीच्या नोंदवहीचा नियम कडक आहे. कृत्रिम रेतन चालत नाही. नवरदेवाने स्वतः बोहल्यावर चढायचं आणि चढताना सगळा भार मागच्या दोन पायांवर. मोडला कोणता? मागचा. खूर कापला कोणता? मागचा. मालक जॅक्सन दांपत्य सुरुवातीपासून सांगत होतं की तो कुरणात नुसता चरत राहिला तरी आम्हाला पुरे, आणि त्यांच्या बोलण्यावर अविश्वास दाखवावा असं काही त्यांनी केलं नाही. पण भेटायला येणाऱ्यांच्या जातीचा मी चांगला अनुभवी आहे. ‘बरा होईल ना?’ या प्रश्नाला ‘आणि मग लग्नाचं?’ हे शेपूट असतंच.

घोड्यासाठी एवढे रडता, माणसांसाठी का नाही, असं तेव्हाही बऱ्याच जणांनी विचारलं. मला तो सवाल आवडत नाही. तो विचारणारे सहसा घोड्यालाही भेटायला जात नाहीत आणि माणसालाही. शिवाय माणसं त्या गोष्टीत होतीच, फक्त त्यांच्याकडे कॅमेरा वळायला घोड्याचा पाय मोडावा लागला. ट्रेनर मायकल मॅट्झ 1989 मध्ये आयोवातल्या सू सिटीजवळ कोसळलेल्या विमानात होता आणि जळत्या सांगाड्यातून तीन लेकरांना घेऊन बाहेर पडला होता. जॉकी प्राडोची आई त्याच वर्षी जानेवारीत पेरूमध्ये कर्करोगाने गेली. तिला उपचारांसाठी अमेरिकेत आणायची त्याची धडपड व्हिसाच्या फेऱ्यात अडकली होती. चार महिन्यांनी त्याच्या घोड्याच्या अँब्युलन्ससाठी रस्ते मोकळे झाले.

मला पडलेला प्रश्न जरा वेगळा आहे. घोडा का अडला, भाकरी का करपली, या आपल्या जुन्या कोड्यातला ‘का’ त्या सगळ्या गाजरांमध्ये कुठेच नव्हता. पाय कसा आहे, हे लाखो लोकांनी विचारलं. पाय का मोडतात, हे फार थोड्यांनी. हे घोडे दोन वर्षांचे असताना पळायला लागतात, तीन वर्षांचे असताना डर्बी धावतात, आणि त्यांच्या सांगाड्याची वाढ तोवर पुरती झालेली नसते. बार्बारोने सकाळी किती गवत खाल्लं हे देशाला ठाऊक होतं. मात्र वर्षाला किती घोडे शर्यतीत मरतात, याची देशभरातली एकसारखी मोजदाद कोणी ठेवतच नव्हतं. 2008 च्या डर्बीत एट बेल्स ही घोडी दुसरी आली, आणि अंतिम रेषा ओलांडल्यावर पुढचे दोन्ही घोटे मोडून मैदानावरच संपवली गेली. मोजणी सुरू झाली ती त्याच वर्षी. पुढच्या वर्षीचा आकडा आला, दर हजार धावांमागे दोन मृत्यू. या घोड्यांना तराफा, तलाव, तीर्थ काही नाही. मैदानावर पडदा धरतात आणि इंजेक्शन देतात. पडदा घोड्यासाठी नसतो.

जे मैदानावर मरत नाहीत त्यांचंही ऐका. 2006 साली अमेरिकेत टेक्सासमध्ये दोन आणि इलिनॉयमध्ये एक असे घोड्यांचे तीन कत्तलखाने चालू होते आणि त्या वर्षी तिथे एक लाखाच्या घरात घोडे कापले गेले. अमेरिकन माणूस घोड्याचं मांस खात नाही, त्याला ते किळसवाणं वाटतं. म्हणून तो ते युरोप-जपानला पाठवत होता. 1986 ची डर्बी जिंकलेला फर्डिनंड जपानला वळू म्हणून गेला, त्याची पिल्लं फारशी पळेनात, आणि 2002 मध्ये बहुधा तिथल्या खाटकाकडेच त्याचा शेवट झाला. बार्बारोच्या चाहत्यांतल्या काहींनी हे मनावर घेतलं, वर्गण्या काढून लिलावातून घोडे सोडवले. सगळेच शहाळेवाले नव्हते, हे नमूद करतो. 2007 मध्ये तिन्ही कत्तलखाने बंद झाले आणि घोडे ट्रकमध्ये भरून मेक्सिको आणि कॅनडाला जाऊ लागले.

इकडे रुग्ण सुधारत होता. ऑगस्टात बाहेर चरायला निघाला, डॉक्टर स्वतः दोरी धरून. नोव्हेंबरात उजव्या पायाचं प्लास्टर निघालं. डिसेंबरात घरी सोडण्याची भाषा सुरू झाली. भेटायला येणाऱ्यांनी मनातल्या मनात पेढे वाटले असतील. जानेवारीत डावा खूर पुन्हा बिघडला, मग पुढच्या दोन्ही पायांनाही तोच रोग. उभं राहायला एकही पाय उरला नाही. 29 जानेवारी 2007 रोजी त्याला शांत केलं.

आपण हसायचं कारण नाही. 2016 च्या मार्चमध्ये डेहराडूनला एका मोर्च्यात पोलिसांचा शक्तिमान हा घोडा जायबंदी झाला. पाय कापला, कृत्रिम बसवला, पुढारी फोटोग्राफर घेऊन तबेल्यात जाऊन आले, कोणी मारलं यावर पक्ष भांडत राहिले. एप्रिलमध्ये घोडा गेला. चौकात त्याचा पुतळा बसवला आणि त्यावरून बोंबाबोंब झाल्यावर काढूनही नेला. एवढी वर्दळ त्या मोतद्दाराने आयुष्यात पाहिली नसेल, जो रोज खरारा करायला येत होता.

बार्बारोचं नशीब त्या मानाने थोर. लुइव्हिलच्या चर्चिल डाउन्स रेसकोर्सच्या दाराशी, पण दाराबाहेर, त्याचे अवशेष पुरले आहेत. बाहेर अशासाठी की भेटायला येणाऱ्यांना तिकीट पडू नये. वर 2009 मध्ये ब्राँझचा पुतळा बसवला, डर्बीच्या वेगात, जॉकीसकट. शिल्पकाराने घोड्याचे चारही खूर जमिनीपासून वर ठेवले आहेत, कुठल्याच पायावर काडीचं वजन नाही. डर्बीच्या दिवशी माणसं जाता-येता तिथे फुलं ठेवतात, फोटो काढतात, आणि आत जाऊन खिडकीसमोर रांगेत उभी राहतात.