समुद्राचे पाणी : शून्य

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या पहाडापासून समुद्र शेकडो मैल लांब. तरी माणिकगडच्या डोंगरांतला चुनखडक फोडून सिमेंट करणाऱ्या सूचिबद्ध कंपनीला दरवर्षी अहवालात सांगावे लागते, की समुद्राचे पाणी किती घेतले. उत्तर अर्थातच शून्य. अख्ख्या अहवालातला बहुधा हाच सर्वांत निर्विवाद आकडा.

हा रकाना शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या ‘बीआरएसआर’, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता सांगणाऱ्या अहवालाच्या नमुन्यातला. बाजारमूल्यात वरच्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना तो २०२२-२३पासून सक्तीचा आहे. तत्त्वे नऊ आणि प्रश्न दोन पंगतींत बसवलेले: ‘आवश्यक’ आणि ‘नेतृत्व’. नेतृत्वाचे ऐच्छिक, वाटले तर सोडवा. दुर्बल, वंचित घटकांशी कंपनी काय बोलली, त्यांच्या अडचणींवर काय केले, हा प्रश्न कुठल्या पंगतीत? ऐच्छिक! पाण्याचे किलोलिटर मात्र चुकवता येत नाहीत. पहाडावरच्या कोलाम आदिवासींशी बोलणे हा हौसेचा मामला.

तक्रारींची सोय चोख. स्थानिक समाजासाठी निवारण यंत्रणा आहे का, हो की नाही? असल्यास लिंक द्या. म्हणजे गुड्यावरच्या, अर्थात पाड्यावरच्या, कोलाम आजोबांनी आधी रेंज शोधावी, मग लिंक, मग पीडीएफ, तीही बहुधा इंग्रजीतली. न पोचलेली तक्रार प्रलंबितही राहत नाही, हे ओघाने आलेच.

पुनर्वसनाच्या तक्त्यात प्रकल्पग्रस्त कुटुंबांच्या संख्येआधी राज्याचे नाव विचारतात. आता जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात, आणि तिथले मतदार दोन्हीकडे मत देत आले आहेत. तिथल्या कुटुंबांसाठी रकाना भरणाऱ्याने काय लिहावे, ते मार्गदर्शक सूचनांत नाही.