बाकीचे ६२ टक्के

मराठी मध्यमवर्गीय घरात कुठलीही वस्तू आजच्या मापाची घेत नाहीत. शाळेचा शर्ट घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. पोरगं वर्षभर त्या शर्टात हरवलेलं असलं तरी चालतं. कॅमेऱ्याच्या दुकानात हीच परंपरा ‘लेन्स घ्यायची तर फुल फ्रेमचीच घ्या’ या सल्ल्याच्या रूपाने टिकून आहे. आज हातात क्रॉप सेन्सरची बॉडी असेना का, उद्या फुल फ्रेम येणारच, मग आज पैसे कशाला वाया घालवायचे? हा उद्या कधी उगवणार, ते सल्ला देणारा सांगत नाही. बॉडी आहे तीच राहते. अंग वाढतं ते फोटो काढणाऱ्याचं.

मला तर ती लेन्स विकतही घ्यावी लागली नाही. माझे एक काका मिररलेसवर गेले आणि जाताना त्यांनी कॅननची जुनी २४-७० एफ २.८ माझ्या हातात ठेवली. “सांभाळ,” म्हणाले, “आणि आता तुझं ते डबडं बदल.” डबडं म्हणजे माझा २००डी. तो बॅटरीसकट ४५३ ग्रॅम भरतो आणि काकांची लेन्स ९५० ग्रॅम. दोघांना जोडलं की कुणाला कुणावर बसवलंय ते कळत नाही. गळ्यात अडकवलं की लेन्स खाली मान घालून लोंबते आणि रस्त्यातले खड्डे बघत चालते.

माझे सासरे, अण्णा, बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले, पण तपासणी निवृत्त झालेली नाही. त्यांनी लेन्स हातात तोलली.

“ही कशाची?”

“फुल फ्रेमची.”

“आणि कॅमेरा?”

“तो क्रॉप.”

“सविस्तर सांगा, जावईबापू.”

मी सांगितलं. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. माझा २२.३ बाय १४.९ चा. लेन्स आत जे चित्र पाडते ते गोल असतं आणि फुल फ्रेमचे चारी कोपरे झाकायचे तर त्या गोलाचा व्यास ४३ मिलिमीटरच्या आसपास लागतो. माझा सेन्सर त्यातला फक्त मधला तुकडा उचलतो. अण्णांनी विजेचं बिल उलटं केलं, गुणाकार मांडला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे ३८ टक्के. बाकीचे ६२ टक्के कुठे जातात?”

“कॅमेऱ्याच्या आतल्या काळ्या भिंतींवर.”

“आणि वजन?”

“ते पूर्ण उचलायचं.”

“आमच्या शाखेत असं खातं निघालं असतं तर मॅनेजरची बदली झाली असती.” मग त्यांचं पेन थांबलं. “पण तुम्ही गोल म्हणालात ना? गोलाचं क्षेत्रफळ धरलं तर तुमच्या काकांच्या कॅमेऱ्यातही ४१ टक्के वायाच जात होतं की!” खरं सांगतो, त्या बाजूने कुणी विचारच केलेला नाही. फुल फ्रेमवाले आमच्याकडे ज्या करुणेने बघतात, तिला विजेच्या बिलाच्या पाठीवर मिळालेलं असं उत्तर माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

हा सगळा घोळ सिलिकॉनच्या किमतीतून झाला. ऑस्कर बार्नाक या जर्मन माणसाने सिनेमाची फिल्म आडवी चालवून दोन चौकटींची एक केली, त्यातून ३६ बाय २४ हे माप आलं, आणि १९२५ साली लायकाने ते बाजारात आणलं. फिल्म होती तोवर कुणाची तक्रार नव्हती. डिजिटल आल्यावर एवढा मोठा सेन्सर परवडेना, कारण सिलिकॉनच्या एका चकतीतून मोठे तुकडे थोडेच निघतात आणि एका डागाने निकामी होतो तो तुकडाही मोठाच असतो. म्हणून १९९९ चा निकॉन डी१ आणि २००० चा कॅनन डी३० छोट्या सेन्सरवर निघाले. लेन्स मात्र सगळ्यांकडे फिल्मच्याच होत्या. त्या बसल्या, फोटोही आले, फक्त सगळ्यांची वाइड लेन्स एका रात्रीत साधी झाली. त्या रडारडीतूनच निकॉनची १२-२४ २००३ मध्ये आणि कॅननची १०-२२ २००४ मध्ये, खास छोट्या सेन्सरसाठी आली. म्हणजे क्रॉपवर फुल फ्रेमची लेन्स लावणं ही काही आमची चैन नव्हे. सुरुवातीला दुसरं काही मिळतच नव्हतं.

वाइड कशी जाते हे बघायचं तर मुंबईकडच्या वन-बीएचकेमध्ये वास्तुशांतीला यावं. २४ मिलिमीटर माझ्या बॉडीवर १.६ ने गुणून ३८ सारखी वागते. गुणाकार ऐकून लोकांना वाटतं लेन्स वाढली. लेन्स तीच आहे, कडेचं दृश्य तेवढं कापलं गेलंय. बारा फूट पसरलेली नातेवाइकांची रांग टिपायला काकांना आठ फूट मागे सरावं लागतं, मला तेरा. हॉलमध्ये तेरा फूट नसतात. मी सोफ्याला टेकलो, मग दारात गेलो, मग पॅसेजमध्ये. शेवटी समोरच्या काकूंनी आपलं दार उघडलं आणि मी त्यांच्या हॉलमधून, दोन उंबरठे आणि एक चपलांचं कपाट ओलांडून, आमच्या घरातला ग्रुप फोटो काढला. काकूंनी चहाही दिला. फोटोत डाव्या बाजूला दाराची चौकट आली आणि मोठे भाऊ-वहिनी चौकटीबाहेर राहिले. ते अजून बोलत नाहीत. बायकोने त्याच वेळी मोबाइल काढून, जागेवरून न हलता, अख्खं घर सत्यनारायणासकट टिपलं होतं, हे इथे नोंदवायला मला तिनेच सांगितलं आहे.

पण याच लेन्सने मावशीचा फोटो काढला तेव्हा सगळी भरपाई झाली. ७० ची ११२ झाली, म्हणजे चेहऱ्यासाठी झकास. शिवाय कुठल्याही लेन्सचे कोपरे हा तिचा दुबळा भाग, तिथे अंधारतं, तिथे धूसर होतं, आणि माझा सेन्सर नेमके तेच कोपरे घेत नाही. एक खोच आहे. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या छोट्या सेन्सरवर ठिपके इतके दाटीने बसलेत की तेवढ्याच दाटीचा फुल फ्रेम सेन्सर ६० मेगापिक्सेलच्या पुढे जाईल. जुनी काच या तपासणीत कधीकधी नापास होते. मावशीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिची एकच तक्रार: “सुरकुत्या एवढ्या स्पष्ट कशाला?”

क्रॉपवाल्याचा खरा सुगीचा काळ म्हणजे हिवाळा, आणि ठिकाण भिगवण. उजनीच्या पाण्यावर रोहित उतरतात, कुंभारगावाहून पहाटे होड्या निघतात, आणि होडीत पक्ष्यांपेक्षा गुणाकार जास्त होतात. “माझी ४०० ची ६४० होते!” एक ओरडतो. रोहित तसूभरही जवळ येत नाही. तरी इथे आमची बाजू बळकट आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवाल्याने माझ्याएवढी चौकट हवी म्हणून फोटो कापला तर त्याच्या हाती सव्वानऊ मेगापिक्सेल उरतात. माझ्याकडे २४ च्या २४, सगळे पक्ष्यावर. त्या एका सकाळी होडीतले फुल फ्रेमवाले माझ्याशी अदबीने बोलतात.

राहता राहिला तो ‘उद्या’. कॅननने २०१८ मध्ये मिररलेसला नवा माउंट दिला. पोरगं मोठं झालं तेव्हा शाळेने गणवेशच बदलला. आता मी फुल फ्रेम मिररलेस घेतली तरी काकांची ही लेन्स अ‍ॅडॉप्टरशिवाय बसणार नाही. काका यावर एवढंच म्हणतात, “अ‍ॅडॉप्टर चांगला मिळतो.”

तेव्हा कुणी फुल फ्रेमची लेन्स फुकट देत असेल तर लगेच घ्या. चेहरे, पक्षी, स्टेजवरचं गाणं, लांबचं सगळं तिच्यावर सोपवा, आणि शटर थोडं जास्त वेगाने ठेवा, कारण दृश्याबरोबर हाताची थरथरही मोठी होते. हॉल, देवघर, पंगत यांसाठी बॉडीबरोबर आलेली १८-५५ पिशवीत असू द्या. त्याहून रुंद हवं असेल तर क्रॉपसाठीच केलेली १०-१८ घ्या, अवघी २४० ग्रॅम भरते. घरात नसलेल्या कॅमेऱ्यासाठी पैसे मोजून लेन्स मात्र घेऊ नका. आणि काका, तुम्ही हे वाचत असाल तर स्पष्टच सांगतो: २४-७० परत मिळणार नाही.