लिंकवर हक्क कुणाचा?

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर रांग कुठवर गेली आहे, हे मेव्हण्याने पाठवलेल्या लिंकवरून घरबसल्या पाहावं, एवढाच माणसाचा माफक हेतू असतो. तो लिंकवर बोट ठेवतो आणि उघडतो भलताच प्लेअर. तो आधी जाहिरात दाखवतो, मग गोल चाक फिरवत बसतो आणि शेवटी ‘ही फाइल चालवता येत नाही’ असा निर्वाळा देतो. यावर कल्याणपलीकडे प्रचलित असलेले उपाय क्रमाने असे: फोन बंद करून चालू करणे, सिमकार्ड काढून शर्टाला पुसणे, घरातल्या आठवीतल्या मुलाला हाक मारणे, आणि तो क्लासला गेला असेल तर उल्हासनगरच्या बाजारात दुकानदाराच्या हाती फोन सोपवणे. या परंपरेचा पूर्ण आदर राखून प्रस्तुत मार्गदर्शिका असं प्रतिपादन करते की यातला एकही उपाय मूळ रोगावरचा नाही. बिघाड प्लेअरमध्ये क्वचितच असतो. लिंक कोणी उघडायची हे प्लेअरपर्यंत गोष्ट पोहोचण्याआधीच ठरलेलं असतं, आणि पुष्कळदा ते आपणच, गर्दीत उभ्या उभ्या, अंगठ्याने ठरवलेलं असतं.

म्हणून निदानाची सुरुवात लिंकच्या दुसऱ्या टोकापासून करावी. यूट्यूबची लिंक म्हणजे व्हिडिओ नव्हे, ते एक पान असतं आणि प्लेअर त्या पानातच बसवलेला असतो. बाहेरून कितीही उत्तम प्लेअर आणलात तरी त्याला तिथे काम नाही. लिंक थेट फाइलची असेल तर मात्र गंमत सुरू होते. सर्व्हर फाइलसोबत कंटेंट-टाइप नावाची एक चिठ्ठी पाठवतो आणि ब्राउझर फाइलच्या नावापेक्षा त्या चिठ्ठीवर अधिक विश्वास ठेवतो. हे लोकलसारखंच: दादरला कुणी गाडीचं तोंड पाहून चढत नाही. इंडिकेटरवर ‘ए’ लागलंय की ‘बीएल’, हे जो तो पाहतो. डबे तसेच, पण एक गाडी अंबरनाथला संपते, दुसरी बदलापूरला. चिठ्ठीवर ‘व्हिडिओ’ लिहिलं असेल तर ब्राउझर तो स्वतःच चालवू पाहतो. ‘ही नुसती फाइल, काय ते तुम्ही बघा’ अशा अर्थाचा शेरा असेल, तर तो ती उतरवून घेतो आणि हात झटकतो. त्यात चित्रीकरण नव्या एचईव्हीसी पद्धतीचं असलं, जी आयफोनने २०१७पासून स्वीकारली, तर जुन्या फोनवर लग्नातली मंगलाष्टकं खणखणीत ऐकू येतात आणि वधूवर काळोखात असतात. इथे प्लेअर बदलून कधी कधी उपयोग होतो, हे मान्य. पण तो बदलायचा कशासाठी, हे आधी कळलं पाहिजे.

यावर एक ज्येष्ठ आक्षेप येतो. पूर्वी कॉम्प्युटरवर लिंक दाबली की विंडोज मीडिया प्लेअर नाहीतर रिअलप्लेअर आपसूक उघडायचा, मग आताच काय झालं? झालं ते असं की ते दार भिंत घालून बुजवलं आहे. तेव्हा ब्राउझरला स्वतःला व्हिडिओ चालवता येत नव्हता आणि तो प्लगइनच्या वाटेने बाहेरच्या प्लेअरला आत घ्यायचा. क्रोमने ही वाट २०१५मध्ये बंद केली, फायरफॉक्सने २०१७मध्ये, आणि उरलासुरला फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी अधिकृतपणे निवृत्त झाला. त्यामुळे आज विंडोजच्या ‘डीफॉल्ट ॲप्स’मध्ये जाऊन एमपी४ फाइली व्हीएलसी या प्लेअरच्या नावे केल्या, तर त्या हार्ड डिस्कवरच्या फाइलींपुरत्या होतात. ब्राउझर आपल्या पानातला व्हिडिओ चालवताना विंडोजला विचारायलाही जात नाही. तरीही हा सल्ला झेरॉक्सच्या दुकानांतून आणि सोसायटीच्या ग्रुपांवरून अखंड दिला जातो. सल्ल्यांना निवृत्तीचं वय नसतं.

फोनवर मात्र विचारणा होते, आणि तिथेच घात होतो. लिंक किंवा फाइल उघडू शकणारी दोन-तीन ॲप्स असली की अँड्रॉइड खालून एक पट्टी वर सरकवतो. तिच्यावर दावेदारांची चिन्हं आणि तळाशी दोन पर्याय असतात: ‘फक्त एकदा’ आणि ‘नेहमी’. विठ्ठलवाडी स्टेशन येत असताना, एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्या हातात फोन धरलेला प्रवासी अंगठ्याला जे जवळ पडेल ते दाबतो. ‘नेहमी’ दाबलं गेलं की पट्टी पुन्हा दिसत नाही, आणि फोन पुढचे कित्येक महिने तो हुकूम इमानाने पाळतो. इथे दुकानदाराचे कैवारी उठून म्हणतील, त्याने नवा प्लेअर टाकला आणि फोन सुधारला, त्याचं काय? सुधारला, खरं आहे. पण नव्या प्लेअरच्या गुणांमुळे नव्हे. नवा दावेदार आला की अँड्रॉइड सहसा जुना हुकूम बाजूला ठेवतो आणि पट्टी पुन्हा वर आणतो. या वेळी दुकानाच्या काउंटरवर, दोन पायांवर नीट उभं राहून, आपण योग्य चिन्ह निवडतो. पैसे प्लेअरचे नाहीत, स्थिर उभं राहण्याचे आहेत. हेच काम फुकट होतं: सेटिंग्ज, ॲप्स, आगंतुक प्लेअरचं नाव, ‘डीफॉल्टनुसार उघडा’, आणि तिथली प्राधान्यं साफ करणं. कंपनीगणिक शब्द थोडे बदलतात. शिवाय २०२१च्या अँड्रॉइड १२पासून वेब लिंकांचा नियमच बदलला. ज्या ॲपने त्या संकेतस्थळाशी आपलं नातं सिद्ध केलेलं नाही आणि ज्याला आपण स्वतः परवानगी दिलेली नाही, त्याच्याकडे लिंक जात नाही, ती ब्राउझरात उघडते. म्हणून एकाच घरात सासऱ्यांच्या जुन्या फोनवर पट्टी येते आणि सूनबाईंच्या नव्या फोनवर येत नाही. यावरून घरात वाद घालू नये.

राहिला ‘मग सर्वांत चांगला प्लेअर सांगा’ हा हट्ट. नारिंगी शंकूवाल्या व्हीएलसीचं संकेतस्थळ २०२२मध्ये भारतात काही महिने बंद होतं, तरी फोनांत आधीच असलेला शंकू काम करत राहिला. घरोघरी आहे तितकाच लोकलमध्येही परिचित असलेला एमएक्स प्लेअर २०१८मध्ये टाइम्स इंटरनेटकडे आणि २०२४मध्ये ॲमेझॉनकडे गेला. मधल्या काळात फाइली चालवणारं हे अवजार स्वतःच मालिका दाखवू लागलं. दोन्ही आपापल्या कामात वाईट नाहीत. पण फेसबुक किंवा इन्स्टाग्राममध्ये दाबलेली लिंक त्या ॲपच्या पोटातल्या ब्राउझरातच उघडते, आणि तिथे तुमच्या फोनच्या डीफॉल्टला कुणी हिंग लावून विचारत नाही. वरच्या तीन टिंबांतून ‘ब्राउझरमध्ये उघडा’ हे निवडल्याखेरीज तिची सुटका नाही.

तेव्हा उल्हासनगरचे कॅम्प एक ते पाच, अंबरनाथ पूर्व-पश्चिम आणि कुळगाव-बदलापूर येथील सर्व लिंकधारकांना विनंती की चालत्या गाडीत ‘नेहमी’ दाबू नये, ‘फक्त एकदा’वर भागवावं, आणि एक प्लेअर पुरेसा असताना चार पाळू नयेत. एवढं करूनही व्हिडिओ उघडला नाही, तर पाठवणाऱ्याला फोन लावून त्यात काय आहे ते विचारा. दाट शक्यता अशी, की त्यानेही तो न उघडताच पुढे ढकलला असेल.